मिरची काही चीनला पोचेना

आमच्या अमरावतीत वऱ्हाड-चीन व्यापारवृद्धी मंडळ आहे. हसू नका, खरंच आहे! मंडळानं आजवर चीनला सुतळीचा तोडाही पाठवला नाही, पण किस्से मात्र गोदामभर साठलेत. मी हार्डवेअरवाला. तिथला चहा बरा असतो म्हणून मेंबर झालो.

अध्यक्ष भाऊसाहेब. "दोन शेजारी, दोघंही मोठे! व्यापाराचं पोटेन्शियल अफाट हाय!" हे ते बारशातसुद्धा बोलतात.

विकायला खरा माल एकाच मेंबरकडे, नांदगाव खंडेश्वरच्या वंदनाताईंकडे. स्वतःच्या वावरात मिरची पिकवतात, वाळवतात, आणि ती चीनला विकायचीच असं मनावर घेऊन बसल्यात. एका बैठकीत त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, पोटेन्शियल समजलं. माल कवा पाठवाचा?"

भाऊसाहेब दचकलेच. "ताई, मंडळ अजून त्या लेवलले आलं नाही!"

*

मधे सीमेवर तणातणी झाली. भाऊसाहेबांना देशप्रेमाचं भरतं आलं आणि चौकात निषेध ठरला. नवं बॅनर कोण करणार? जुन्यावरच 'वृद्धी'च्या जागी 'बंदी'चा कागद चिकटवला. ओरडून ओरडून घसे बसले सगळ्यांचे.

पुढं वातावरण निवळलं, पण कागद काही निघेना. तेव्हापासून व्यापारवाढीची प्रत्येक बैठक व्यापारबंदीच्या बॅनरखाली होते. लाज वाटते का कुणाला? नाव नको!

*

मग अभ्यासदौरा. भाऊसाहेब चारपाच मेंबरांना घेऊन चीनच्या व्यापार मेळ्याला निघाले. वंदनाताईंनी एकेक मिरची निवडून सॅम्पलची पिशवी दिली. "थेट व्यापाऱ्याच्या हातात द्या बरं."

मंडळी परतली तेव्हा ताई बडनेरा स्टेशनवर हजर, सोबत मी. "काय म्हने व्यापारी?"

भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तिथलं जेवन लय सपक वो! दुसऱ्याच दिवशी आमी हॉटेलात ठेचा केला. पन मिरची एक नंबर! सगळ्याइनं तारीफ केली!"

ताईंनी रिकामी पिशवी तेवढी मागून घेतली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

शेवटी चिनी व्यापारीच दुभाष्याला घेऊन इथं आला. अकोल्याला डाळ बघायला चालला होता, वाटेत अमरावतीची मिरची बघू म्हणाला. बघू देतील तर ना! सकाळपासून सत्कार. शाल, भाषण, फोटो, परत शाल. ऐन उन्हाळ्यात बिचारा घामानं निथळत होता. दुभाष्यानं बॅनर वाचलं, पण त्याचं भाषांतर तेवढं केलं नाही. ताई मिरचीची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसून होत्या.

गाडीची वेळ झाली. ताईंनी त्याला बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर गाठलं आणि पिशवी उघडून समोर धरली. त्यानं मिरची मोडली, हुंगली, चावली. डोळ्यांत पाणी आलं, पण गडी हसला! कार्ड काढून ताईंपुढं धरलं. दुभाष्या म्हणाला, "फोन करा, हा माल पाहिजे."

भाऊसाहेबांनी ते कार्ड वरच्यावर उचललं. "मंडळामार्फत, ताई, मंडळामार्फत!" तेवढ्यात गाडी सुटली.

चार दिवसांनी ताई नंबर घ्यायला मंडळाच्या ऑफिसात आल्या. मी चहा पीत बसलो होतो. कार्ड भिंतीवर, सोनेरी फ्रेममधे! चिनी अक्षरं शोभून दिसावीत म्हणून ती बाजू वर. नंबरची बाजू डिंकानं पुठ्ठ्याला पक्की चिकटवलेली.

ताईंनी फ्रेम खाली काढली, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

भाऊसाहेब ओरडले, "ताई, हळू! चीनसोबत झालेला आपला येवढाच व्यवहार हाय!"