व्याह्यांनी काढलेल्या चिठ्ठ्या

रोह्यापासून पेणपर्यंत बोलल्या आणि लिहिल्या जाणाऱ्या मराठीची सारी जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, अशी माझ्या व्याह्यांची ठाम समजूत होती. ते भांडखोर होते, असे रोह्यात सांगतात. साफ खोटे आहे. भांडखोर मी आहे. व्याही केवळ दुरुस्ती करीत. लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ दिसला की अक्षता टाकण्यापूर्वी ते वधूपित्याला बाजूला घेऊन ‘आशीर्वाद’ कसा लिहितात ते समजावीत. त्यांच्या मुलीच्या आणि माझ्या मुलाच्या पत्रिकेचा मसुदा त्यांनी तीनदा परत पाठवला, तेव्हा ते लग्न मोडायला निघाले होते, ही निव्वळ अफवा. मोडायला मी निघालो होतो. एकदा बसमध्ये धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून आलेला एक कामगार त्यांना आनंदाने म्हणाला, “काका, आज पगार भेटला.” व्याह्यांनी गंभीरपणे विचारले, “कुठे भेटला? प्रकृती बरी आहे ना त्याची?” “व्हय,” तो म्हणाला, “पण जरा बारीक झालाय.” त्या उत्तरावर ते कोलाड येईपर्यंत हसत होते, हेही कोणी सांगत नाही.

गणपतीच्या कारखान्यातली हकिगत मात्र सगळे सांगतात, आणि सगळे चुकीची सांगतात. व्याही दरवर्षी पेणहूनच मूर्ती नेत. त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या सकाळी आम्ही कारखान्यात पोहोचलो, तेव्हा मालक आत शेवटच्या मूर्तीचे डोळे रेखत होते. बाहेर फळ्यांवर पन्नासेक गणपती मांडलेले, आणि प्रत्येकापुढे ज्याने तो ठरवून ठेवला त्याच्या नावागावाची चिठ्ठी. व्याह्यांनी त्या वाचल्या. “देवापुढे अशुद्ध नाव? माणसाने आरती कोणत्या तोंडाने करावी?” असे म्हणून त्यांनी साऱ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि स्टुलावर बसून सुवाच्य अक्षरात नव्याने लिहिल्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली. हातात पन्नास निर्दोष चिठ्ठ्या होत्या आणि समोर एकाच साच्यातले पन्नास गणपती.

मालक बाहेर आले. “काका, काय करून ठेवलंत हे? आता कुणाचा कुठला, मी काय सांगू?”

व्याही पळून गेले, असे पेणमध्ये म्हणतात. मी शेजारी उभा होतो. ते दुपारभर दारात हात जोडून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले, “चूक माझी आहे. आपला गणपती आपण ओळखून घ्यावा.” लोक कुरकुरले, पण ज्याने त्याने आपला ओळखला. मग खांब गावची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एकापाशी थांबली. “गो, ह्योच आपला. बघतोय कसा, घरच्यावानी.”

त्या मूर्तीच्या शेल्याला हिरवा काठ होता. व्याह्यांच्या पत्नीला तो आवडे. त्या गेल्यापासून व्याही तो दरवर्षी मुद्दाम रंगवून घेत. मी पुढे सरसावलो. त्यांनी माझे मनगट घट्ट धरले. “असू द्या,” ते हळूच म्हणाले, आणि म्हातारीच्या रिक्षापर्यंत मूर्तीचा पाट त्यांनीच एका बाजूने धरून नेला. संध्याकाळी जो एक गणपती उरला, तो घेऊन ते रोह्याला गेले.

व्याकरणाच्या नादात म्हाताऱ्याला स्वतःचा गणपतीही ओळखता आला नाही, असे लोक अजून हसून सांगतात. व्याह्यांनी शपथ घातली होती, म्हणून ते होते तोवर मी गप्प बसलो. आता ते नाहीत, आणि मला खोडून काढायला कोणी उरलेले नाही. म्हणून लिहून ठेवतो: त्यांनी तो पाहताक्षणी ओळखला होता.