ओपलचा चार तासांचा नेम

ओपल किट्रेजच्या हाताला कुठलीही गाय पान्हा चोरत नाही, हे व्हरमाँटच्या त्या खोऱ्यात लहानथोरांना ठाऊक होतं. लाथाळ असो, पहिलटकरीण असो, वासरू गेलेली असो. ओपल शेजारी बसली, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, की धार सुरू. गोठ्यात यंत्रं आली, ओपल अडुसष्टची झाली, तरी पहिल्या चार धारा ती हातानंच काढायची. पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच. मधे आभाळ कोसळलं तरी कासेला हात लावायचा नाही.

मार्च चालू होता. बर्फ खालून पाझरत होता आणि धुकं कुरणावरून उठायचं नावच घेत नव्हतं. तिचा मुलगा क्लेटन दिवसभर खोपटात मेपलच्या झाडांचा रस पाकासाठी आटवत बसायचा, त्याची गोडसर वाफ घरात शिरायची. त्या वासात ओपल झोपेत चालल्यासारखी वावरत होती. घरात अकरा दिवसांची नात होती, आयव्ही, आणि तिच्या आईचं दूध जायच्या बेतात होतं.

सून डार्सी शहरातली, दातांच्या दवाखान्यात नोकरी केलेली. पहिल्याच दिवशी तिनं बिचारीनं विचारलं होतं, "ओपल, हिला किती वेळानं घेऊ?"

"चार-चार तासांनी. मधे नाही," ओपल म्हणाली होती. "गाय काय न्‌ बाई काय, नेम मोडला की अंग बिघडतं. वासरू ओरडलं म्हणून कुणी धावत सुटतं का?"

दुधाच्या बाबतीत ओपलच्या तोंडाला कोण लागणार? डार्सीनं ऐकलं. पोर रडायची, ही घड्याळाकडे बघत बसायची. पाचव्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट झाली. बाळाला नीट धरता येईना, ते नुसतं टोकच ओढायचं, त्यानं चिरा पडल्या. दूध गळतं म्हणून डार्सीनं आवळ चोळी घातली. दहाव्या दिवशी उजवीकडे तळहाताएवढा लाल डाग उमटला आणि अंगात ताप भरला.

"नाही जमत मला," अकराव्या दिवशी सकाळी ती म्हणाली. "डब्याचं आणायला सांगा क्लेटनला."

ओपलचं स्वतःचं दूध क्लेटनच्या वेळी तिसऱ्या आठवड्यात आटलं होतं. सासू जेवणाच्या टेबलावर, चार माणसांत म्हणाली होती, "गोठा भरलाय दुभत्यांनी, सून तेवढी भाकड आणली." सगळे हसले होते. ओपलही हसली होती. त्यानंतर दुसरं मूल नको, यावर ती अडून बसली ती कायमचीच. आता सुनेच्या उशाशी बसून तिला वाटत होतं, या घराच्या भिंतींतच काहीतरी आहे.

दुपारी कोलीन आली, बाळंतिणी बघत हिंडणारी नर्स. चिखलाचे बूट दाराशी काढून, हात धुऊन तिनं डार्सीची छाती तपासली, डॉक्टरांना फोन केला आणि मग ओपलकडे वळली.

"गाईला दगडी झाली, कास सुजून घट्ट झाली, तर तू काय करतेस गं?"

"दूध तुंबू देत नाही. पुन्हा पुन्हा काढते."

"आणि सुनेला चार तास?"

ओपलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अगं, गाईची कास केवढी, पिढ्यान्‌पिढ्या पाळून वाढवलेली. ती थांबते बारा तास. बाईच्या अंगात एवढी जागा कुठली?" कोलीन डार्सीच्या पाठीला उशी लावत म्हणाली. "दूध तुंबलं, वरून चोळीनं आवळलं, बाळानं नुसतं टोक धरलं म्हणून चिरा पडल्या, त्यांतून जंतू शिरले. यात तुझं काय चुकलं, पोरी? गोळ्या येतील, त्या घेऊन पाजता येतं. रगडायचं नाही, ओरबाडून काढायचंही नाही. मधे गार फडकं ठेव. ही मागेल तेव्हा घे. दुखऱ्या बाजूलासुद्धा."

तिनं बाळाचं पोट डार्सीच्या पोटाला लावलं. तोंड चांगलं मोठं उघडेपर्यंत थांबली आणि मग हनुवटी आधी टेकवली. डार्सीनं ओठ चावला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. खोली इतकी शांत झाली की घोट ऐकू येऊ लागले, एक, मग जरा थांबून दुसरा. ओपल डोळे मिटून ऐकत राहिली. खिडकीबाहेर धुकं होतं आणि तिला आपण नेमक्या कुठल्या वर्षात बसलोय ते कळेनासं झालं.

"चूक माझी होती," ती डोळे न उघडताच म्हणाली. "मला गाईंचं कळतं. तुझं कळत नव्हतं. माफ कर मला."

डार्सीनं मोकळा हात पुढे केला. ओपलनं तो धरला.

"कोलीन," डोळे उघडून ओपलनं विचारलं, "असं घड्याळ लावून पाजलं, तर किती दिवसांत आटतं?"

"कुणाचं दोन आठवडे, कुणाचं तीन. अंगाला वाटतं, दूध कुणाला नकोच आहे. मग ते बनवणं सोडून देतं."

ओपल उठली. कोट न घालताच ओल्या बर्फातून खोपटात गेली. आत वाफच वाफ, कढईमागे क्लेटनचा नुसता आकार दिसत होता.

"काय झालं? डार्सी बरी आहे ना?"

"बरी आहे. पाजतेय." ती दारातच थांबली. "तू तीन आठवड्यांचा असताना तुला मी बाटलीला लावलं."

"बरं मग? आई, मी चव्वेचाळीसचा आहे. जगलो की."

"तुझी आजी मला तुझ्या खोलीत जाऊ द्यायची नाही, चार तास होईपर्यंत. तू आत रडायचास. मी जिन्यावर बसायचे." तिचा हात आपोआप छातीवर गेला. "आणि माझा झगा भिजायचा, क्लेटन. पार कंबरेपर्यंत भिजायचा. आटलेल्या बाईचा भिजतो का रे?"

क्लेटननं झारा खाली ठेवला. वाफेतून तो तिच्याकडे आला.

"मला दूध होतं," ओपल म्हणाली. "तुझ्यासाठी होतं."