जयमालाचं उत्तर

सुलभा मॅडमचं माहेर पुण्याचं. बुलढाण्याच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवूनही मुलांची वऱ्हाडी त्यांच्या कानाला खटकायचीच.

त्या दिवशी नववीला ज्वालामुखी बेटं होती. समुद्राचा तळ फुटून लाव्हा वर येतो, पाण्यात गार होऊन त्याचा दगड होतो. थरावर थर चढत जातात आणि कितीतरी वर्षांनी डोंगराचा माथा पाण्याबाहेर निघतो, तेच बेट. पृथ्वीच्या कवचाचे तुकडे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे जपान, इंडोनेशिया. जिथे दूर सरतात, तिथे आइसलँड. हवाई मात्र तुकड्याच्या मधोमध, खालून येणाऱ्या उष्णतेवर उभं राहिलेलं.

"आपल्या देशात जागृत ज्वालामुखी नाही," मॅडमनी सांगून टाकलं.

जयमाला उठली. सुलतानपूरच्या शेतकऱ्याची मुलगी, इथे वसतिगृहात राहणारी.

"हाये ना मॅडम, अंदमानात. माह्या मामानं जहाजावरून पाह्यला. धूर निंघून राह्यला होता."

"निंघून राह्यला होता?" मॅडमनी तिचाच हेल काढला. "आधी नीट बोलायला शिक."

वर्ग खदखदून हसला. जयमाला खाली बसली.

मधल्या सुट्टीत मॅडमनी फोनवर शोधलं. अंदमानातलं बॅरन बेट. जागृत. त्यांचे कान तापले. उद्या सांगू, म्हणून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी निघाली, तिसऱ्या दिवशी पुढचा धडा. जयमालाचा हात पुन्हा वर आला नाही.

सहामाहीची प्रश्नपत्रिका बाहेरून आली. त्यात विचारलं होतं, भारतातील जागृत ज्वालामुखी कोठे आहे? पेपर तपासताना जयमालाचं उत्तर समोर आलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'भारतात जागृत ज्वालामुखी नाही.' लाल पेन तिथेच थांबला. मॅडमना स्वतःचं तोंड कुठे लपवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्या राहिल्या. "मी चुकीचं शिकवलं. जयमालाचं बरोबर होतं." मग, बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोलून गेल्या, "आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं."

त्यांनी जयमालाच्या बाकाकडे पाहिलं.

"जयमाला, माझं चुकलं गं. मामांनी काय पाहिलं, सांग ना सगळ्यांना. तुझ्या बोलीत सांग."

जयमाला उठली, पण जागची हलली नाही. "मला आता आठवत नाही, मॅडम," ती म्हणाली. एकेक शब्द तोलून, अगदी पुस्तकातल्यासारखा.

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि अंदमानचा नकाशा काढू लागल्या. बॅरनचा ठिपका त्यांना दोनदा पुसावा लागला.