खुर्चीचा वेग

आज सकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर — थांबा, तिच्याकडेच येतो.

सुधाचे, माझ्या बायकोचे, पाय निकामी झाले. कोलकात्यातल्या नोकरीतून मी निवृत्त झालो होतो, पण तिला हे शहर सोडवेना, म्हणून इथेच राहिलो. जन्म विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला मी इंजिनियर. म्हटलं, चाकाची खुर्ची मीच करतो. हावड्याहून दोन डीसी मोटारी आणल्या, बॅटऱ्या जोडल्या, वेगासाठी कंट्रोलर बसवला. पहिल्या दिवशी एका मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या आणि खुर्ची जागच्या जागी गरगर फिरली. “अहो, फुगडी घालायला लावताय की काय!” म्हणून ती हसत सुटली.

मग ती एकटी जवळच्या तळ्याकाठी जायला लागली. तिथे संध्याकाळी बंगाली बायका गाणी म्हणत बसतात. त्यांनी हिला आपल्यात ओढलं. घरी यायची ती चेहरा फुललेला, तोंडात मला न कळणारे शब्द. मी चहा करून वाट बघायचो आणि — हसाल तुम्ही — मला राग यायचा. याचसाठी खुर्ची केली होती ना? मग माझ्या पोटात का दुखावं?

कंट्रोलरच्या डबीत एक बारीक स्क्रू असतो. मोटार जास्तीत जास्त किती पळेल, ते तो ठरवतो. बाहेरून कितीही वेग वाढवा, त्यापुढे जात नाही. ती दुपारी झोपली असताना मी तो फिरवला. थोडासा. मग आणखी थोडासा.

खुर्ची रांगायला लागली. ती पोचेपर्यंत बायका उठलेल्या असायच्या. “मोटार थकली,” मी म्हणालो. “आपल्यासारखीच,” म्हणत तिने मोटारीवरून हात फिरवला — आणि हळूहळू जाणंच सोडलं. मी तिला बाल्कनीत न्यायचो. “तुम्ही आहात म्हणून,” ती म्हणायची. ते ऐकून मी सुखावायचो. हो, सुखावायचो.

काल ती तिथलं एक गाणं गुणगुणत होती. मध्येच थांबली. पुढचे शब्द आठवेनात, म्हणाली.

आज सकाळी तिच्या पलंगाशी बसून डबी उघडली. गुपचूप स्क्रू मागे फिरवला असता, तर दुरुस्तीची शाबासकीही मिळाली असती. मोह झाला — खोटं कशाला बोलू? पण स्क्रूला हात न लावता तिला सगळं सांगितलं.

ती कोपरावर उठून डबीकडे वाकली. मग म्हणाली, “कुठला स्क्रू? दाखवा.”

मी दाखवला. तिने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्वतः फिरवला — पार शेवटपर्यंत. संध्याकाळी केस विंचरले, स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि निघाली.

मी फाटकापर्यंत मागोमाग गेलो, पण तिला गाठणं काही जमलं नाही. मागे न बघता ती रस्त्याच्या टोकाला वळली. आज गाणी संपायच्या आत पोचली असेल.