पाच डहाळ्यांची जुडी

चि. रेवा आणि ईशान यांस,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला तुमच्या शाळेच्या कॅम्पची यादी वाचून दाखवलीत. शिट्टी, होकायंत्र, काडेपेटी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. चार दिवस जंगलात राहायचे म्हणून तुम्ही दोघे खुशीत होतात आणि तुमची आई मागून सूचना देत होती. शेवटी ती म्हणाली, की आठवीत असताना माझ्या हलगर्जीपणामुळे मी शाहूवाडीच्या जंगलात चुकले होते, खूण समोर असून मला दिसली नाही, तुम्ही तसे करू नका. मी ते ऐकले आणि ईशानच्या दाताची चौकशी करून विषय बदलला.

तुमची आई तीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट अशीच सांगत आली आहे. ती खरी नाही. तुम्ही जंगलात जाण्याआधी ती दुरुस्त झाली पाहिजे, म्हणून आज लिहायला बसले आहे. आणि ती दुरुस्त करायची तर गुंडूआबांविषयी सांगावे लागेल. तुम्ही त्यांना पाहिलेले नाही, आता पाहणारही नाही.

गुंडूआबा पाणी पिण्याआधी त्याचा वास घेत. आमच्या कसबा बावड्याच्या घरी ते पहिल्यांदा आले ते शिकेकाई आणि हिरडा विकायला. शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीवरून पाठीवर पोते घेऊन एसटीने येत. उन्हाचे दिवस होते, मी पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, थोडे पाणी जिभेवर घेऊन थांबले आणि मग प्यायले. आपले घर जैनांचे. आपल्याकडे पाणी फडक्याने गाळल्याशिवाय कोणी पीत नाही, आणि मी तर ते उकळूनही घेत असे. मला राग आला. मी म्हणाले, आमच्या पाण्यात काय दिसले तुम्हाला?

"घरावर संशय न्हाय, बाई," ते म्हणाले. "पाण्यावर हाय. त्ये कुठनं कुठनं फिरून येतंय, त्येचं त्येलाच ठावं."

मग मी त्यांची शिकेकाई वर्तमानपत्रावर ओतली आणि शेंगांत काड्या मिसळल्या आहेत का ते पाहू लागले. माझ्या मते ही परतफेड होती. पण ते पायरीवर मांडी घालून कौतुकाने पाहत बसले. "बगा, बगा," म्हणाले, "बगून घेणारं माणूस फसत न्हाय." काड्या निघाल्या नाहीत. तरी पुढच्या खेपेलाही मी शिकेकाई ओतून पाहिली आणि त्यांनी पाणी हुंगले. आमची ओळख अशी झाली.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. आकाशावर नव्हता, नव्या चपलेवर नव्हता, आणि "मला वाट माहीत आहे" असे म्हणणाऱ्या माणसावर तर मुळीच नव्हता. माकडाने खाल्लेले फळ माणसाला चालते, असे मी एकदा कुठेसे वाचलेले सांगितले. ते म्हणाले, "माकडाचं प्वाट येगळं, तुमचं येगळं. माकड काय तुम्हांस्नी जामीन ऱ्हायलंय व्हय?" ज्या डबक्यात बेडूक नाही, किडा नाही, कडेला हिरवे काही नाही, ते पाणी कितीही नितळ दिसले तरी त्याला शिवायचे नाही, असे ते सांगत. जळण जमिनीवरून उचलायचे नाही, झाडावरच वाळून लटकलेली काडी मोडून घ्यायची, कारण भुई वरून कोरडी दिसते आणि आतून ओल धरून असते. बसताना आधी काठीने पाचोळा हलवायचा आणि मग त्याच पाचोळ्याचा जाड थर करून त्यावर बसायचे. "भुई माणसाची ऊब पिती," हे त्यांचे आवडते वाक्य होते.

मी मुलींच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. एका वर्षी आठवीच्या मुलींची एक दिवसाची निसर्ग सहल काढायचे ठरले आणि वाट दाखवायला मीच गुंडूआबांचे नाव सुचवले. मुली चौदा, त्यांत तुमची आई, आणि आम्ही शिक्षिका दोघी, मी आणि खेळ शिकवणाऱ्या कदमबाई. आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या वाडीवर मुक्कामाला गेलो.

तिथे पोहोचल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. गुंडूआबा एका गोठ्यामागे दोन माणसांशी हळू आवाजात बोलत होते. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. मला पाहताच तिघे गप्प झाले. मी विचारले तर आबा म्हणाले, काय न्हाय, उद्याच्या वाटंचं बोलत हुतो. त्या दिवसांत कोल्हापुरात जंगलातल्या चंदनचोरांच्या अफवा फार होत्या. मुलींच्या कानांत सोन्याच्या रिंगा होत्या. शिकेकाई ओतून पाहिली होती, पण माणूस कुठे ओतून पाहिला होता, असे मला वाटले.

सकाळी निघण्यापूर्वी त्यांनी मुलींना अंगणात बसवले. प्रत्येकीकडे जेवणाचे स्टीलचे ताट होते. त्यांनी तुमच्या आईचे ताट हातात घेतले आणि दगडाने तीन ठोके दिले.

"चुकला की बसायचं. चालायचं न्हाय, पळायचं न्हाय, रडायचं आसंल तर बसून रडायचं. ताट वाजवायचं तीन डाव. मग गप. परत तीन डाव."

मधे गप्प कशाला, असे तुमच्या आईने विचारले. ते म्हणाले, तू सारखी वाजवालीस तर हुडकणाऱ्याची हाळी तुला कशी ऐकू यायची? मुली हसल्या. ती हसली नाही. तिला उत्तर पटले होते.

वाट दाट झाडीतून चढत होती. पहिल्या फाट्यावर आबांनी एका झाडाची हिरवी डहाळी मोडली, जमिनीवर ठेवली, शेंडा आलेल्या वाटेकडे, देठ पुढच्या वाटेकडे केला आणि देठावर दगड ठेवला. ही परतीची खूण, असे त्यांनी मुलींना दाखवले. दुसऱ्या फाट्यावर पुन्हा तेच. मी त्यांना गाठून म्हणाले, तुम्ही तर इथलेच, तुम्हाला खूण कशाला लागते?

"जेला म्हायती हाय त्योच चुकतो, बाई. नवखा भितो, म्हणून जपून जातो."

हे उत्तर मला पटले नाही. वाट माहीत असलेला माणूस खुणा ठेवतो, तर त्या कोणासाठी? कुऱ्हाडवाला माणूस डोळ्यांपुढून जात नव्हता. शिवाय जिवंत झाडाची डहाळी उगाच मोडणे माझ्या मनाला लागत होते. मी रांगेच्या शेवटी होते. पहिल्या दोन खुणा मागे राहिल्या होत्या, तरी चपलेचा बंद तुटल्याचे सांगून मी मागे गेले, त्या दोन्ही उचलल्या आणि धापा टाकत रांग गाठली. पुढे तीन फाट्यांवर तीन उचलल्या. दगड जागच्या जागी ठेवले, कोणाला कळू नये म्हणून. पाच डहाळ्या झाल्या. वरच्या पठारावर जेवायला थांबलो तेव्हा मी त्यांचे देठ सारखे केले, पिशवीतल्या सुतळीने जुडी बांधली आणि एका खडकामागे ठेवून दिली. मला आपण मुलींचे रक्षण केल्यासारखे वाटत होते.

जेवण झाल्यावर इतर मुलींनी ताटे पानांनी पुसली. तुमच्या आईला मी तसे वळण लावले नव्हते. ताट पाण्याने धुतले पाहिजे. ओढा दहा-पंधरा मिनिटे मागे होता. ती मैत्रिणीला म्हणाली, "आबांच्या खुणा हायत की. गेलो आणि आलो." कोल्हापूरच्या मुली तेव्हा असेच बोलत, मुलांसारखे. घरी मी तिला त्यावरून टोकत असे.

ती गेल्यावर थोड्याच वेळात दरीतून धुके वर आले. पावसाळा नुकता सरला होता. पाहता पाहता दहा पावलांवरचे झाड दिसेना. मी मुली मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. मग ती मैत्रीण रडत सांगू लागली.

आबांनी आवाज चढवला नाही. कदमबाईंना मुलींसह पठारावर एका जागी बसवले, सगळ्यांना एकमेकींचे हात धरायला सांगितले आणि मला घेऊन निघाले. उतरताना लागलेल्या पहिल्याच फाट्यावर ते वाकले. दगड होता, डहाळी नव्हती. त्यांनी दगड उचलून खाली पाहिले.

मी म्हणाले, वाऱ्याने उडाली असेल.

"वारं दगुड उचलून परत ठेवत न्हाय, बाई." ते तसेच उकिडवे बसले होते. "कुणीतरी काढली. योकच काढली, का समद्या काढल्या, ह्ये कळाय पायजे. खूण बगून पोरगी कुठवर नीट आली आन् कुठनं चुकली, त्येच्यावर समदं हाय. दिवस जास्त न्हाय ऱ्हायला."

त्या क्षणी मी सांगायला हवे होते. माझी मुलगी धुक्यात होती. तरी मी एवढेच म्हणाले, "सगळ्याच गेल्या आहेत असं धरून चला."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. पाणी उजेडाकडे धरून पाहत, तसे. मग उठले. ओढ्याकडे न जाता ते डाव्या रुंद वाटेला लागले. खूण नसली तर ओढ्यावरून परतणारे माणूस सोपी दिसणारी ही वाटच धरणार, एवढेच चालता चालता म्हणाले. दर शंभर पावलांवर थांबत, हाळी देत आणि मला हाताने गप्प करून ऐकत.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ हातात होते, पण मी ते पाहिले नाही. मग तीन ठोके ऐकू आले. मी धावणार तोच त्यांनी माझा पदर घट्ट धरला. धुक्यात आवाज फसवतो, दुसऱ्यांदा ऐकू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्यांदा तीन ठोके आले, ते मला वाटले होते त्या बाजूने नव्हतेच. ज्या बाजूला मी धावणार होते तिकडे कडा होता.

तुमची आई एका अंजनीच्या झाडाला टेकून पाचोळ्याच्या ढिगावर बसली होती. मांडीवर ताट, हातात दगड. आधी ती आबांना म्हणाली, तुम्ही सांगितल्यासारखी बसून राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, रागवू नकोस. खूण मला दिसलीच नाही."

आणि मी, तुमची आज्जी, तिला म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?"

गुंडूआबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी डोक्याचे मुंडासे सोडले, तिच्या खांद्यांवर घातले आणि वाटेला लागले.

पुढचे लवकर सांगते, कारण ते लिहायला सर्वांत जड आहे. शाळेने माझ्याकडून अहवाल मागितला. मी तो स्वच्छ अक्षरात लिहिला. त्यात एक वाक्य होते, की वाटाड्याने ठेवलेल्या खुणा पुरेशा नव्हत्या. पुढच्या वर्षी शाळेने दुसरा माणूस बोलावला, त्यानंतर गुंडूआबांना कधीच बोलावले नाही. ते मात्र शिकेकाई घेऊन येत राहिले. पाणी हुंगून पीत राहिले. तुमच्या आईची चौकशी करत. त्या दिवसाविषयी त्यांनी एक अक्षर काढले नाही. मला संशय येई, की यांना माहीत आहे. मग वाटे, माहीत असते तर माणूस इतकी वर्षे गप्प कसा राहील?

ते थकल्यावर यायचे बंद झाले. मागच्या वर्षी त्यांच्या नातवाकडून कळले, की आबा अंथरुणाला खिळले आहेत. मी गेले. आता तिथे गाडी दारापर्यंत जाते. सुनेने मला पाणी दिले. मी त्यांच्याकडे पाहत पेला नाकाशी नेला, तेव्हा ते हसले. मग मी त्यांना सगळे सांगितले, कुऱ्हाडवाल्यापासून अहवालापर्यंत. कुऱ्हाडवाला त्यांचा मेहुणा निघाला. वाटेवर आडवे पडलेले झाड मुली यायच्या आत तोडायला आबांनी त्याला सांगितले होते.

"आन् जुडी मला त्याच दिशी घावली," ते म्हणाले. "पोरगी घावल्यावर वर परत येऊन तुम्ही पोरींस्नी मोजत हुतासा तवा. देठ सारखं केल्यालं, सुतळीची गाठ सुरगाठ. बाई, जंगलात इतकी नीट जुडी बांधणारं दुसरं कोण आलंतं?"

मग बोलला का नाहीत, मी विचारले. निदान अहवालाच्या वेळी तरी.

"पोरीम्होरं आईला खोटं पाडायचं व्हय? मी आपला समद्यावर संशय घेतो, माझा जनम त्यात गेला. पोरीनं पण तसंच जगावं व्हय?"

मी रडत होते. त्यांनी मला गप्प बसायला सांगितले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चुकल्यावर बसायचं, ह्ये खरं. पर तुम्ही लई वर्सं नुसतंच बसलाय. आता ताट वाजवा की."

हिवाळ्यात ते गेले. त्यानंतरही मी काही महिने काढले, हेही लिहून ठेवते. हे पत्र आधी तुमच्या आईने वाचायचे आहे, मग तुम्ही. स्मिता, खूण तुला दिसली नाही, कारण ती तिथे नव्हती. तुझे लक्ष जागेवर होते. तू त्या दिवशी एकही चूक केली नाहीस.

मुलांनो, कॅम्पला शिट्टी न्या, तीनदा वाजवा आणि मधे थांबून ऐका. बसण्याआधी पाचोळा हलवा. कोणी ठेवलेली खूण, कितीही संशय आला, तरी विचारल्याशिवाय उचलू नका.

ती पायवाट आता राहिलेली नाही, तिथे डांबरी रस्ता झाला आहे. शाळेतला तो अहवाल कुठे आहे, मला माहीत नाही. ताट माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्याच्या पाठीवर दगडाचे बारीक पोचे आहेत, आणि मी रोज त्यातच जेवते.