कवायत जेवणाची

युद्धपट पाहायचा तर रोसेंदा तिग्लाओच्या शेजारी बसू नये, असं फिलिपिन्समधल्या कापास गावात सगळे म्हणत, आणि सगळे तिच्याच शेजारी जागा धरत. गावाबाहेरच्या लष्करी छावणीत तिनं अर्धं आयुष्य नव्या भरतीला कवायत शिकवण्यात घालवलं होतं. निवृत्त झाली तरी गाव तिला सार्जंटची 'सार्ज'च म्हणे. रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टीव्हीवर सिनेमा लागला, की निवृत्त जवान बाकांवर दाटीवाटीनं बसत. पडद्यावरचा कवायत मास्तर रंगरुटाच्या नाकाला नाक लावून ओरडू लागला, की पहिला आवाज सार्जचा.

"याचा घसा दुपारपर्यंत बसणार. संध्याकाळची हजेरी काय हातवारे करून घेणार?"

"आणि त्या पोराचे बूट बघ," तातांग आम्बो म्हणे. तो तिच्याहून वयानं मोठा, म्हणून 'तातांग', म्हणजे बाबा; पण हुद्द्यानं खालचा. "चिखलात लोळून आलाय, नि बूट लग्नातले!"

मग मनिलाची एक सिनेमा कंपनी छावणीजवळच्या माळरानावर चित्रीकरणाला आली आणि नटांना शिपाई करायचं काम कंपनीनं सार्जला देऊ केलं. बातमी दुकानात पोचायला वेळ लागला नाही.

"घे काम, घे," तातांग आम्बो शेंगदाणे सोलत म्हणाला. "पण या खेपेला आम्ही हसू, ते तुला हसू. इतकी वर्षं दुसऱ्यांना हसलीस ना?"

घरी जाताना सार्जच्या लक्षात आलं, की याच माणसांसमोर आपण आयुष्यात कधी चुकलेलो नाही.

दिग्दर्शक ह्यूबर्ट तरुण, हसरा, हट्टी. त्याला सगळे दिरेक म्हणत. त्याला आरडाओरडा हवा होता, थप्पड हवी होती.

"अहो दिरेक, रंगरूट ओरडण्याला भीत नाही," सार्ज म्हणाली. "दोन दिवसांत त्याला ते ऐकूच येईनासं होतं. त्याला छळते ती झोप. आणि वाट पाहणं. उन्हात उभं राहायचं, कशासाठी ते कुणी सांगत नाही."

"मग दाखवा मला."

तिनं दाखवलं. पोरं उन्हात उभी राहिली, चादरीच्या घड्या घालत राहिली, भाषण ऐकताना उभ्या उभ्या पेंगली. ह्यूबर्टनं निमूटपणे सारं टिपलं आणि संध्याकाळी तिला छोट्या पडद्यासमोर बसवलं. सार्ज पाहत राहिली. थोड्या वेळानं तिलाच जांभई आली.

"खरं आहे," ती शेवटी म्हणाली, "पण मेलेलं आहे."

"म्हणून ओरडावं लागतं, सार्ज!" ह्यूबर्ट हसला. त्याचं म्हणणं तिला पटलं, आणि पटलेलं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"ओरडा मग. पण एक प्रसंग माझ्या हातात द्या. जेवणाचा."

प्रशिक्षण संपताना होणारी बूडल फाइट. लांबलचक टेबलावर केळीची पानं, त्यांवर भाताचा बांध, भातावर तळलेले मासे, भाजलेली वांगी, खारवलेली अंडी. दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, अधिकाऱ्याशेजारी रंगरूट. इशारा झाला की हातानं खायचं, आणि पान मोकळं होईतो तिथं कुणाला हुद्दा नसतो.

इशारा झाला. गावातून आणलेली पोरं आपापल्या पुढ्यातलं शहाण्यासारखं खाऊ लागली. सिनेमाचा हिरो लान्स वेरानो याच्यासमोरच्या मोठ्या माशाला कुणी हात लावला नाही. एकानं तर तो अलगद त्याच्याकडे सरकवला. लान्सनं दोन बोटांनी तुकडा मोडला.

"सुंदर! झालं!" ह्यूबर्ट ओरडला.

"झालं कसलं? मेयरच्या वाढदिवसाला आलीत का ही?"

"सार्ज, जेवतायत तर छान."

"तेच तर. छान जेवतायत."

दुसऱ्या दिवशी तिनं काही शिकवलं नाही. पहाटेच सगळ्यांच्या पाठीवर बोजे चढवले आणि चालायला लावलं. स्वतः पुढे, रिकाम्या पोटी.

"सार्ज, नाश्ता?" लान्सनं विचारलं.

"त्या टेकडीपलीकडे."

टेकडीपलीकडे दुसरी टेकडी होती. लान्सनं तिला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते तिला तोंडपाठ होतं. शेकडो तोंडांवर तिनं ते वाचलं होतं. ऊन चढल्यावर ती त्यांना परत घेऊन आली ती थेट टेबलाशी. कॅमेरे तयार होते. तिनं हळूच म्हटलं, "सुरू."

लान्सनं शेजारच्याच्या हातातला मासा हिसकावला. शेजाऱ्यानं त्याच्या मनगटालाच धरून अर्धा मासा तोडून घेतला. नाकाला भात, कोपराला भात. कॅमेरा कुठं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. ह्यूबर्ट "थांबा" म्हणायचं विसरून गेला.

सिनेमा तयार झाल्यावर कंपनीनं तो गावातल्या बास्केटबॉलच्या मैदानात दाखवला. सार्ज नेहमीच्या माणसांत बसली. पडद्यावर कवायत मास्तर नाकाला नाक लावून गरजला, थप्पड वाजली, आणि रांगेतल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. "हे माझं नव्हे" म्हणता आलं असतं. ती सगळ्यांत आधी हसली.

"घसा बसणार मेल्याचा!"

मैदान खदखदलं. मग केळीची पानं आली. सार्जनं पडदा सोडून शेजारची तोंडं पाहिली. तातांग आम्बोच्या हातातला शेंगदाणा तोंडाशी पोचलाच नाही. कुणी हसत नव्हतं.

"अंडं," तातांग तिनोंग म्हणाला. हा म्हातारा सिनेमात नेहमी झोपायचा. "माझं अंडं तुकडीतल्या फेलिमोननं पळवलं होतं. असंच. हातातून."

"फेलिमोननं नव्हे," आम्बो सावकाश म्हणाला. "मी."

"तू? खोटारड्या! जन्मभर मी त्या बिचाऱ्याला शिव्या दिल्या!"

"भूक लागली होती, बाबा."

"मला काय डोहाळे लागले होते?"

मागच्या रांगेतून कुणी आपल्या तुकडीतलं वांगं काढलं, कुणी मासा. पडद्यावर लढाई पेटली, हेलिकॉप्टरं घोंगावली, लान्स वेरानो गोळी लागून पडला. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"सार्ज, तूच सांग," तिनोंग तावातावानं म्हणाला, "अंडं चोरणाऱ्याला छावणीत काय शिक्षा?"

सार्जनं खुर्ची उचलली, पडद्याकडे पाठ करून त्यांच्यात मांडली, आणि आम्बोच्या हातातले शेंगदाणे काढून घेत म्हणाली, "आधी मला सांगा, त्या दिवशी मासा कुणाला मिळाला?"