हँडलवरची सैल मूठ

पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत सायकल चालवणारे हजारो असतील, पण सायकलचं हँडल धरायचं कसं याचा आयुष्यभर विचार केलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रामाकोन्याच्या शाळेत मास्तर होते, राहायचे सौसरला. आता राहत नाहीत. सौसरचं घर त्यांनी विकलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. संत्र्याचे क्रेट उचलता उचलता मंडीत स्वतःची आडत उभी केलेल्या मला, ज्याला बघून समोरचा व्यापारी आधी पाणी मागतो! हा राग मी अजून उतरू दिलेला नाही. पण तो समजायचा तर आधी त्यांची सायकल समजली पाहिजे.

त्या काळ्या सायकलला फ्रीव्हील नव्हतं. ते त्यांनी काढून टाकलं आणि त्या जागी घट्ट चक्र बसवून घेतलं. आपण उतारावर पाय थांबवतो आणि सायकल आपोआप घरंगळते. यांच्या सायकलवर ती सोय नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावायचा. पुढचा एक ब्रेक होता, तो त्यांच्या बायकोच्या, म्हणजे ताईंच्या धाकानं. "पाय तं बांधलेलेच हायेत," ते म्हणायचे, "आता जे ठरवायचं ते हातानं." त्यामुळे त्यांचं सगळं डोकं त्या दोन मुठींवर. बाजारातल्या रबरी मुठी घामानं निसटतात म्हणून पहिल्याच दिवशी उपटल्या. मग सुतळी गुंडाळून पाहिली, ती तळव्याला चावली. मग जुनी ट्यूब, ती उन्हात चिकटली. शेवटी नवार, आणि नवारीखाली घरच्या कापसाचा पातळ थर, अंगठ्याशी जाड आणि करंगळीकडे उतरता. त्या दिवसांत आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मी खाटेवर टेकलो आणि थेट जमिनीवर पोचलो. ताई आतून ओरडल्या, "अहो, त्या खाटेवर नका बसू, तिची अर्धी नवार सायकलले गेली!" साडभाऊ मला उठवायला आले नाहीत. ते हँडल घेऊन आले. "हात लावून पाहा," म्हणाले, "आता कसं वाटते!"

माणसंही ते मुठीवरूनच पारखत. त्यांच्या मुलीसाठी मी लोधीखेड्याचं स्थळ आणलं होतं. संत्र्याची बाग, पक्कं घर, मुलगा शिकलेला. लग्न कोणाच्या दारी, जेवण कोणाकडे, सगळं मी असं आपल्या बाजूनं वळवून आणलं होतं की मुलाचे वडीलच शेवटी माझी री ओढायला लागले. मुलगा मोटरसायकलवर आला, गाडीवर बसल्या बसल्या ओट्यावर उभ्या असलेल्या साडभाऊंशी दोन शब्द बोलला, मग पोहे झाले, चहा झाला, आणि संध्याकाळी नकार!

"भाऊजी, काय वाईट दिसलं तुमाले त्या पोरात?"

"गाडी बंद करून बोलून राहिला होता, तरी हँडल आवळूनच होता. कोणी घेऊन पळते का त्याचं? असा माणूस बायकोले श्वास घेऊ देत नाही."

"मीबी आवळूनच धरतो!"

"ते मी आपल्या सासऱ्याले तेव्हाच सांगितलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "पण तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या."

मुलगी पुढे बंगलोरला दिली. तो जावई कुठलंच हँडल धरत नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. लोधीखेड्याला दिली असती तर लेक हाकेच्या अंतरावर राहिली असती. हे मी तेव्हाही बोललो होतो आणि अजूनही बोलतो, ऐकायला कोणी असो वा नसो.

एकदा मलाही ती सायकल शिकवायला घेतलं. मी चढलो, सपाटीवर बरा चाललो, उतार लागला आणि जन्माच्या सवयीनं पाय थांबवले. पायडलनं मला असं उचललं की मी रस्त्याकडेच्या तुरीत. सायकल आडवी, मी आडवा, आणि हँडल अजून माझ्या दोन्ही हातांत. साडभाऊ आले, गुडघ्याकडे पाहिलं नाही, मुठींकडे पाहिलं. "सोडा आता. पळून नाही जाऊन राहिली ते." मग खिशातून एक संत्रं काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. "माल पाहता तेव्हा कसं धरता? पडत नाही अन् दबतबी नाही. तसंच धरा. मूठ आवळली का मनगट कडक, मनगट कडक का खांदा कडक, मंग रस्त्यातला हरेक खड्डा सीधा डोक्यात." पुढे मंडीत भाव तोडताना मला हे अधूनमधून आठवायचं. धंद्याला ते परवडेना, तेव्हा मी आठवणं बंद केलं.

ताई गेल्या. त्यानंतर साडभाऊंच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, आधी करंगळी, मग शेजारचं बोट. त्यांनी कापूस वाढवला, हँडल वर घेतलं, सीट मागे सरकवली. प्रत्येक वेळी मला फोन, "आता जमलं!" थोड्या दिवसांनी आवाज पुन्हा पडलेला. एका सकाळी वळणावर मूठ हातातून निसटली. पाय मात्र फिरतच राहिले. खांद्याचं हाड मोडलं. लेक आली आणि बापाला बंगलोरला घेऊन गेली. मला वाटलं, हाड जुळलं की परततील. मी त्यांच्या घराच्या छपरावरचे कवेलू पावसाआधी फेरून घेतले, सायकल माझ्या आडतीत आणून ठेवली, चाकांत हवा कमी होऊ दिली नाही. आणि एक दिवस भर मंडीत एका माणसानं माझ्या हातावर पेढा ठेवला. घर त्यानं घेतलं होतं.

मी पेढा हातात धरूनच फोन लावला.

"भाऊजी, घर विकलं?"

"हो."

"पहिल्याच भावाले?"

"हो."

"अन् मले काऊन नाही सांगितलं? मी बसलो असतो तं रडवलं असतं त्याले!"

"तुमी बसले असते तं सौदा झाला असता का?"

मी काय केलं असतं ते मला स्वच्छ दिसत होतं. भाव चढवत नेला असता, अटी घातल्या असत्या, घेणाऱ्याला चिडवून उठवलं असतं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. घर तसंच राहिलं असतं. आणि घर आहे तोवर माणूस परत येतो.

"नसता झाला," मी म्हणालो.

"म्हणून तं."

"इकडं यावं नाही वाटत तुमाले?"

"रोज वाटते," साडभाऊ म्हणाले. "पण चहाचा कपबी आता दोन हातांनी धरून राहिलो, बापा."

फोन कोणीच ठेवला नाही. तिकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, इकडे लिलावाची ओरड चालू होती. समोरचा व्यापारी मला भाव विचारत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि तसाच उभा राहिलो.